ज्यांना शिक्षाच हवी होती: सिडनीतलं सड्स–थॉम्प्सन प्रकरण, १८२६

पार्श्वभूमी

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण ब्रिटिश साम्राज्यात कैदी पाठवायची ठिकाणं बरीच होती: पिनांग, सिंगापूर, मॉरिशस आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ऑस्ट्रेलिया. १७८८ ते १८६८ या काळात तिथे सुमारे १ लाख ६२ हजार कैदी उतरवले गेले. बहुतेक जण विलायतेतले भुरटे चोर होते. त्यांच्यात कोर्ट मार्शल होऊन आलेले शिपाईही असत. पळून गेला, वरिष्ठावर हात उगारला, हुकूम मोडला, अशा गुन्ह्यांसाठी कॅनडापासून हिंदुस्थानपर्यंतच्या छावण्यांतून गोऱ्या शिपायांची रवानगी तिकडे होई.

या प्रकरणातले दोघे शिपाई मात्र ऑस्ट्रेलियात आधीच होते, आणि तेही कैद्यांवरचे पहारेकरी म्हणून. त्यांना पहारा सोडून कैद्यांत जायचं होतं. विभागीय चौकशी कशी करावी हे अधिकाऱ्यांना शिकवताना मी हे प्रकरण नेहमी घेतो. दोनशे वर्षं जुनं आहे, दूर देशातलं आहे, त्यामुळे कुणाला आपल्यावर बोट ठेवल्यासारखं वाटत नाही आणि लोक मोकळेपणाने बोलतात.

जोसेफ सड्स आणि पॅट्रिक थॉम्प्सन हे ५७व्या पायदळ पलटणीचे साधे शिपाई. या पलटणीने १८११ साली स्पेनमध्ये आल्बुएराच्या लढाईत मोठं नाव कमावलं होतं. पंधरा वर्षांनी तीच पलटण न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या वसाहतीत होतं तिथे, कैद्यांची राखण करत होती. १८२८च्या जनगणनेत या वसाहतीची लोकसंख्या ३६,५९८ भरली आणि त्यांत १५ हजारांहून जास्त शिक्षा भोगणारे कैदी होते. शिक्षा संपवून तिथेच स्थायिक झालेले वेगळे.

शिपायाचा पगार दिवसाला एक शिलिंग. त्यातून खाण्याचे, कपड्यांचे पैसे कापले जात. हातात उरे ते नावापुरतं. शिस्तीसाठी चाबूक होताच. नोकरी व्यवहारात आयुष्यभराची, अंगात ताकद आहे तोवर. आता त्याच्या नजरेसमोरचा कैदी पाहा. सात वर्षांची शिक्षा झालेल्याने चार वर्षं नीट वागून काढली, की त्याला ‘टिकेट ऑफ लीव्ह’ मिळू शके, म्हणजे वसाहतीतच राहून आपल्या मर्जीने काम धरायचा परवाना. त्यानंतर मजुरी, दुकान, जमीन, नशीब साथ देईल तसं. सिमियन लॉर्ड नावाच्या माणसाला १७९० साली मँचेस्टरला सुती कापड चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली होती. तो सिडनीतला बडा व्यापारी झाला आणि पुढे मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीतही बसला. सॅम्युअल टेरी चारशे जोड मोजे चोरून आला आणि १८२०च्या दशकात वसाहतीतल्या सर्वांत श्रीमंतांत गणला जाऊ लागला. अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. पण बराकीतल्या शिपायाला तीच दिसणार. कैद्यांच्या टोळीत उपाशी मेलेला माणूस गावगप्पांत येत नाही.

तिसरं पात्र गव्हर्नर राल्फ डार्लिंग. डिसेंबर १८२५मध्ये तो सिडनीत रुजू झाला. कारभाराचा प्रमुख तोच आणि तिथल्या फौजेचा सेनापतीही तोच. याआधी १८१९–२०मध्ये तो मॉरिशसचा हंगामी गव्हर्नर होता. त्या वेळी बंगालमधून पाठवलेले हिंदी कैदी तिथे रस्ते बांधत होते. पुढे मुंबई इलाख्यातूनही तिकडे कैदी गेले. म्हणजे कैद्यांच्या श्रमावर चालणारी वसाहत त्याला नवी नव्हती. माणूस कामसू, कागदपत्रांत काटेकोर, स्वभावाने करडा. त्याला राक्षस ठरवून हे प्रकरण वाचलं तर हाती काहीच लागत नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

समस्या

१८२६मध्ये डार्लिंगच्या लक्षात आलं की फौजेतून सुटण्यासाठी शिपाई काहीही करू लागलेत. कुणी स्वतःलाच जायबंदी करून घेत होतं, म्हणजे नोकरीला अपात्र ठरून नाव कमी होईल. कुणी मुद्दाम चोरी करत होतं. मुलकी (म्हणजे लष्करी नसलेल्या) न्यायालयाने काळ्या पाण्याची शिक्षा दिली की शिपायाचा फौजेशी संबंध तुटे. सात वर्षांनी तो मोकळा, त्याआधी परवान्याची आशा. कैद्यांच्या वसाहतीत पहारेकऱ्यालाच कैदी होणं परवडू लागलं, तर पहारा कोण देणार?

सड्स आणि थॉम्प्सन यांनी हेच केलं. सिडनीतल्या एका दुकानात शिरून त्यांनी कापड उचललं. लपवण्याची धडपड नाही, पळण्याची घाई नाही. पकडलं जाणं हाच बेत होता, आणि फौजेतून सुटायचं होतं हे त्यांनी लपवलंही नाही. नोव्हेंबर १८२६च्या सुरुवातीला सिडनीच्या क्वार्टर सेशन्स न्यायालयाने दोघांना सात वर्षं दंडवसाहतीत पाठवण्याची शिक्षा सुनावली.

दंडवसाहत म्हणजे सिडनीचं मोकळं वातावरण नव्हे. मोरटन बे, नॉरफोक बेट अशा ठिकाणी, कैदी असताना पुन्हा गुन्हा करणाऱ्यांना ठेवत. तिथलं जिणं कठीण होतं हे या दोघांना माहीत नसेल असं वाटत नाही. पहारेकऱ्यांना अशा गोष्टी कळतात. तरी त्यांनी हा जुगार खेळला. बराकीतलं आयुष्य त्यांना किती नकोसं झालं होतं, याचा याहून चांगला पुरावा नाही. आणि हा पुरावा डार्लिंगच्या टेबलावर होता.

निर्णयाचा पहिला टप्पा: समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, न्यायालयाची शिक्षा तशीच अमलात आणायची. कायद्याच्या दृष्टीने निर्धोक. पण या दोघांना हवं तेच मिळणार आणि बराकीत त्याची चर्चा होणार. सेनापती म्हणून डार्लिंगला हे पटणं शक्य नव्हतं, आणि त्याची अडचण खरी होती.

दुसरा पर्याय लंडनला लिहून विचारण्याचा. पत्र पोहोचायला चार-पाच महिने, उत्तर यायला तेवढेच. तोवर आणखी किती कापडाचे तागे चोरीला गेले असते कोण जाणे.

तिसरा पर्याय फारसा कुणी बोलून दाखवत नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या दोघांची शिक्षा तशीच ठेवायची आणि पुढच्यांसाठी जाहीर हुकूम काढायचा: यापुढे फौजेतून सुटण्यासाठी गुन्हा करणाऱ्या शिपायाला शिक्षा भोगून झाल्यावर पुन्हा पलटणीत हजर व्हावं लागेल. वाट बंद. दोन माणसं सुटली असती, बाकीच्यांचा हिशेब मात्र तिथेच कोलमडला असता. अशा हुकमाला कायद्याचा आधार लागला असता, पण त्यासाठी वसाहतीत १८२३च्या कायद्याने विधान परिषद आणि सर्वोच्च न्यायालय दोन्ही उभी केली होती. मुख्य न्यायमूर्ती फ्रान्सिस फोर्ब्झ त्याच शहरात बसत होते. त्यांचं मत घ्यायला समुद्र ओलांडायचा नव्हता.

चौथा पर्याय शिक्षा बदलण्याचा, आणि डार्लिंगने तोच घेतला. न्यायालयाने दिलेली दंडवसाहत रद्द. त्याऐवजी सात वर्षं साखळदंडांत सार्वजनिक रस्त्यांवर सक्तमजुरी आणि ती संपल्यावर पुन्हा पलटणीत परत.

वर्गात इथे थांबून मी विचारतो, यात चूक काय? बरेच जण म्हणतात, काही नाही, हुशारीचा निर्णय आहे. ‘पुन्हा पलटणीत’ हा भाग हुशारीचा आहेच, कारण तो थेट मूळ कारणावर बोट ठेवतो. पण ही अट गुन्हा घडून गेल्यावर, निकाल लागून गेल्यावर लावली गेली. त्या दोघांनी ज्या नियमांवर पैज लावली, ते नियम पत्ते वाटून झाल्यावर बदलले. शिवाय गव्हर्नराला शिक्षा माफ किंवा सौम्य करण्याचा अधिकार होता. न्यायालयाने न सुनावलेली शिक्षा स्वतःच्या हुकमाने जोडण्याचा अधिकार त्याला कुणी दिला होता? फोर्ब्झ यांनी हा बदल कायदेशीर मानला नाही. आपल्याकडेही शिक्षेत बदल करण्याचा सरकारचा अधिकार खालच्या दिशेनेच चालतो. १ जानेवारी १९५६पासून दंड संहितेतली काळ्या पाण्याची शिक्षा जाऊन आजन्म कारावास आला, तोही बदल कायदा करून झाला, कुणाच्या एका सहीने नव्हे.

निर्णयाचा दुसरा टप्पा: कवायतीचं मैदान

शिक्षेचा बदल एवढ्यावर थांबला असता तर हे प्रकरण वकिलांच्या वादापुरतं राहिलं असतं. पण डार्लिंगला ती शिक्षा सगळ्या शिपायांना दाखवायची होती.

२२ नोव्हेंबर १८२६ला सिडनीतली फौज बराकीच्या मैदानावर चौकोन करून उभी करण्यात आली. दोघांना तुरुंगातून आणून मधोमध उभं केलं. हुकूम वाचला गेला. अंगावरचा लष्करी गणवेश उतरवून कैद्याचे पिवळे कपडे चढवले. मग बेड्या आल्या. त्या नेहमीच्या नव्हत्या, खास या प्रसंगासाठी घडवलेल्या होत्या. गळ्यात लोखंडी कडं, त्यातून बाहेर आलेले अणकुचीदार दांडे, आणि गळ्याच्या कड्यापासून घोट्यांच्या कड्यांपर्यंत साखळ्या. बदनाम शिपायाला हाकलून लावताना वाजवतात त्या ढोलांच्या तालावर त्यांना मैदानाबाहेर काढून परत तुरुंगात नेलं.

सरकारच्या म्हणण्याप्रमाणे या लोखंडाचं वजन १४ पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वासहा किलोच्या घरात. विरोधकांनी याहून बरंच जास्त सांगितलं आणि पुढची काही वर्षं हा वाद पौंडांवरच होत राहिला. माझ्या मते वजनाचा वाद ही दिशाभूल. सहा किलो ओझं धडधाकट माणूस वाहील. प्रश्न घडणीचा होता. गळ्यापासून पायापर्यंतची साखळी आखूड, त्यामुळे ताठ उभं राहता येत नव्हतं. गळ्याभोवतीच्या दांड्यांमुळे पाठीवर किंवा कुशीवर नीट पडता येत नव्हतं. म्हणजे दिवसा वाकून आणि रात्री बसून. बेड्या घातलेला माणूस काम करेल अशी अपेक्षा हुकमात होती, आणि या बेड्यांत काम कसं करायचं हे कुणी करून पाहिलं नव्हतं.

ते करून पाहिलं गेलं, पण नंतर. थॉम्प्सनला पुढे ब्ल्यू माउंटन्सच्या पायथ्याशी ईमू प्लेन्सला रस्त्याच्या टोळीत पाठवलं. तिथे कॅप्टन रॉबिसन नावाच्या अधिकाऱ्याने ते लोखंड पाहिलं, स्वतःच्या अंगावर चढवून बघितलं आणि त्यात माणसाला सरळ होता येत नाही हे पुढे उघडपणे सांगितलं. पाच मिनिटांची चाचणी होती. ती २१ नोव्हेंबरला झाली असती तर?

पाच दिवस

सड्स आजारी होता. मैदानावर आणलं तेव्हाही आजारीच होता. तुरुंगात असतानाच त्याच्या अंगावर सूज चढली होती. बेड्या घालून परत नेल्यावर त्याची प्रकृती झपाट्याने ढासळली, लोखंड काढून त्याला रुग्णालयात हलवावं लागलं, आणि २७ नोव्हेंबरला तो मेला. मैदानावरच्या त्या तमाशाला अवघे पाच दिवस झाले होते.

मृत्यूचं कारण काय यावर तेव्हाच मतभेद झाले. बेड्यांनी मारलं, असं विरोधक म्हणाले. आधीचा आजार आणि खचलेलं मन, असं सरकारी बाजू म्हणाली. दोन्ही खरं असू शकतं आणि जबाबदारीच्या प्रश्नाला त्याने फारसा फरक पडत नाही. डार्लिंगचा बचाव एकच होता: सड्स आजारी आहे हे मला कुणी सांगितलं नाही.

हा बचाव मी खोटा मानत नाही. गव्हर्नरापर्यंत तुरुंगातल्या एका कैद्याची सूज पोहोचली नसणं अगदी शक्य आहे. पण तुरुंगाच्या माणसांना ती माहीत होती. हुकूम गव्हर्नराच्या कचेरीतून निघाला, लोहाराकडे गेला, पलटणीकडे गेला, तुरुंगाकडे गेला. प्रत्येकाने आपापला भाग चोख पार पाडला. ‘हा माणूस आज मैदानात उभा राहू शकेल का’ हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. आणि ज्याला माहीत होतं, त्याने सेनापतीच्या हुकमावर ‘थांबा’ लिहून पाठवायचं म्हणजे स्वतःची नोकरी पणाला लावायची. खालून बातमी वर न येणं हा योगायोग नसतो; वरच्याने ती यायला किती जागा ठेवली यावर ते अवलंबून असतं. कारभार आणि फौज दोन्ही एकाच माणसाच्या हातात होती, म्हणून ही जागा इथे जवळजवळ शून्य होती. सेनापतीने शिफारस केली आणि गव्हर्नराने मान्य केली, असं कागदोपत्री म्हणायचं तरी दोन्ही सह्या त्याच्याच.

थॉम्प्सनचं काय झालं हे बहुतेक लेखनात एका ओळीत उरकतात. ईमू प्लेन्सच्या उन्हात काही दिवस, मग पेनरिथचा तुरुंग, मग सिडनी बंदरात उभं असलेलं फीनिक्स नावाचं कैदीजहाज. बेड्यांची घडण आणि त्यांत काढलेल्या रात्री यांबद्दल आज जे कळतं त्यातलं बरंच त्याच्या जबानीतून आलं आहे. जिवंत राहिलेला साक्षीदार तोच एक होता.

निर्णयाचा तिसरा टप्पा: टीका सुरू झाल्यावर

वसाहतीत तेव्हा दोन धीट वर्तमानपत्रं होती. ‘ऑस्ट्रेलियन’ हे विल्यम वेंटवर्थ आणि रॉबर्ट वॉर्डेल या दोन वकिलांनी १८२४मध्ये काढलेलं, आणि ‘मॉनिटर’ हे एडवर्ड स्मिथ हॉल यांचं, १८२६मध्येच सुरू झालेलं. दोघांनी हे प्रकरण उचलून धरलं. वेंटवर्थची आई स्वतः शिक्षा होऊन आलेली कैदी होती. गव्हर्नरावर महाभियोग चालवायला लावीन, असं तो जाहीरपणे म्हणू लागला.

इथे डार्लिंगपुढे पुन्हा वाट होती. स्वतःहून चौकशी नेमायची, बेड्या कुणी कशा घडवल्या, आजाराची नोंद कुठे अडकली, हे जाहीर करायचं. ‘मला माहीत नव्हतं’ हे खरं असेल तर अशा चौकशीने त्याचंच भलं झालं असतं. त्याने उलट दिशा धरली. १८२७मध्ये त्याने वर्तमानपत्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आणि प्रत्येक अंकावर चार पेन्सचा स्टँप कर असा दुहेरी बंदोबस्त आणला. पण १८२३च्या कायद्याप्रमाणे, विधेयक इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत नाही असा दाखला मुख्य न्यायमूर्तींनी दिल्याशिवाय पुढे जात नसे. फोर्ब्झ यांनी परवान्याच्या विधेयकाला तो दाखला नाकारला. ऑस्ट्रेलियातल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात हा नकार मैलाचा दगड मानतात. तो ज्या वादातून निघाला त्याचं मूळ एका शिपायाच्या गळ्यातल्या कड्यात आहे.

मग बदनामीचे खटले सुरू झाले. हॉल १८२९मध्ये तुरुंगात गेला, तुरुंगातूनच ‘मॉनिटर’ चालवत राहिला आणि १८३०मध्ये सुटला. बेड्या अंगावर चढवून पाहणाऱ्या कॅप्टन रॉबिसनचं कोर्ट मार्शल होऊन त्याला नोकरीतून काढण्यात आलं. या साऱ्या प्रकरणात लष्करी न्यायालयासमोर जो उभा राहिला, तो बोलणारा अधिकारी होता. सड्स आणि थॉम्प्सन यांच्या वाट्याला कोर्ट मार्शल आलंच नाही. आलं असतं तर निदान त्यांची बाजू ऐकणारं एखादं बाक तरी समोर असतं, आणि नव्या शिक्षेवर गव्हर्नराशिवाय आणखी कुणाची तरी सही लागली असती.

परिणाम

वेंटवर्थने १८२९मध्ये वसाहतमंत्र्यांच्या नावे लांबलचक आरोपपत्र पाठवलं. महाभियोग झाला नाही. डार्लिंगची मुदत १८३१मध्ये संपली. त्याच्या निरोपाच्या वेळी वेंटवर्थने आपल्या व्होक्लूझच्या आवारात हजारो लोकांना जेवण घातलं, अख्खा बैल भाजला, गव्हर्नर जातोय याचा आनंद म्हणून. त्याच साली ५७वी पलटणही सिडनी सोडून मद्रास इलाख्यात आली.

लंडनमध्ये प्रकरण विझत नव्हतं. अखेर १८३५मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीने ते तपासलं आणि डार्लिंगला निर्दोष ठरवलं. लगेचच राजाने त्याला सर किताब दिला. समितीपुढचा प्रश्न हेतूचा होता: गव्हर्नराने क्रूरपणे वागायचं ठरवलं होतं का? त्याचं उत्तर ‘नाही’ असं देणं मला चुकीचं वाटत नाही. पण हेतू शुद्ध निघाला की कार्यपद्धती तपासायची गरज उरत नाही, हा समज तिथे पक्का झाला. आजही कितीतरी चौकशी अहवाल याच जागी येऊन थांबतात.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ दुखणं बराकीत होतं आणि इलाज मैदानावर केला गेला. शिपायाला कैदी व्हावंसं वाटत असेल तर दोनच गोष्टी बदलता येतात: कैद्याचं आयुष्य अधिक वाईट करायचं किंवा शिपायाचं थोडं बरं. डार्लिंगच्या हातात दुसरी गोष्ट फारशी नव्हती. पगार आणि नोकरीची मुदत लंडन ठरवत असे. तरी या दोन शिपायांची गोष्ट लिहून, ‘तुमची माणसं सात वर्षांची दंडवसाहत पत्करतात पण बराक नको म्हणतात’ असं युद्ध खात्याला कळवणं त्याच्या हातात होतं. ब्रिटिश फौजेने पुढे हेच मान्य केलं. १८३६मध्ये चांगल्या वर्तणुकीसाठी जादा पगार सुरू झाला. १८४७च्या कायद्याने पायदळातली भरती आयुष्यभराऐवजी दहा वर्षांची झाली. दरम्यान १८४०मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणंच बंद झालं.

प्रत्यक्ष कारवाईत तीन गोष्टी सहज शक्य होत्या. फोर्ब्झ यांचं मत आधी घेणं. शिक्षेच्या दिवशी वैद्याचा दाखला मागणं. फटके मारताना वैद्य हजर ठेवण्याची पद्धत फौजेत होतीच, बेड्या घालताना मात्र ती कुणाला आठवली नाही. आणि शिक्षेच्या यादीत नसलेलं काहीही न जोडणं. आमच्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९मध्ये कोणकोणत्या शिक्षा देता येतात ते क्रमाने लिहिलेलं आहे. नवखे अधिकारी त्या यादीला कंटाळतात. ‘याने हद्द केलीय, याला सगळ्यांसमोर उभा करा’ असं कुणी म्हणालं, की मी ती यादी पुढे सरकवतो आणि यात ‘सगळ्यांसमोर उभं करणं’ कितव्या क्रमांकावर आहे ते दाखवायला सांगतो.

एक प्रतिवाद हमखास येतो आणि तो दमदार आहे. डार्लिंगकडे वेळ नव्हता, लंडन दूर होतं, पंधरा हजार कैद्यांवर मूठभर शिपाई, तेच फुटले तर वसाहत गेली. हे सारं मान्य करून मी एवढंच विचारतो की घाई नेमकी कशाची होती. ‘पुन्हा पलटणीत’ ही अट सात वर्षांनी लागू होणार होती. तिच्या कायदेशीरपणाचा निकाल लंडनहून वर्षभराने आला असता तरी चाललं असतं. दोघे तुरुंगात होतेच, कुठे पळून जाणार नव्हते. थॉम्प्सनच्या बाबतीत सरकारला पुढे हात आखडता घेता आला, त्याचे साखळदंड काढता आले. लगेच व्हायलाच हवी अशी यात एकच गोष्ट होती, ती मैदानावरची परेड, आणि मागे घेता न येणारीही तेवढीच.